एक्केचाळीस नंबरची दोन बोटं

थोरलीचा स्वभावच मुळी संशयी. पाहुणे उठून गेले की ती आधी चमचे मोजायची आणि मग माणसं चांगली होती म्हणायची. दूधवाला जरा जास्त गोड बोलला तर आज दुधात पाणी आहे, हे ती पातेल्यात न बघता सांगायची. आणि खोटं कशाला बोला, दहातल्या चार वेळा पाणी निघायचंही. त्या चार वेळांनीच तिचं डोकं फिरवलं होतं. उरलेल्या सहा वेळा कोण लक्षात ठेवतंय?

त्यामुळे ती कामाला जायची त्या लॉन्ड्रीच्या दाराशी, कार्ड पंच करायच्या जुन्या घड्याळाशेजारी, तळहाताएवढं पांढरं मशीन भिंतीवर ठोकलेलं दिसलं आणि 'आता हजेरी बोटाने' अशी नोटीस लागली, तेव्हा तिथे काम करणाऱ्या साठ माणसांना काय वाटलं ते असो, थोरलीला एकच वाटलं. हे मलाच पकडायला आणलंय.

आता तिला तसं वाटायला कारण होतं, ते आधी सांगतो.

ही लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. तीन हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं इथे यायचं. एका अंगाला धुण्याची मशीनं, मध्ये गरम वाफ ओकणारा इस्त्रीचा लांब रोलर, आणि पलीकडे घडीची टेबलं. घडी हे जोडीचं काम. दोन टोकं हिने धरायची, दोन समोरचीने, एक झटका द्यायचा, जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे. एकटीनेही होते घडी, पण मग दिवसाच्या चादरी निम्म्यावर येतात आणि मुकादमाच्या कपाळावरची शीर टरारते. म्हणून तिथे एक रीत पडून गेली होती की टेबल रिकामं राहता कामा नये. कोण आलंय हे मुकादम बघायचा नाही. दोन्ही बाजूंना कोणीतरी उभं आहे ना, मग झालं. एखादीला ताप आला तर तिची नणंद यायची, एखादीचं लग्नकार्य निघालं तर शेजारीण. कार्ड ज्या त्या नंबरचं पंच व्हायचं. हॉस्पिटलचे कपडे म्हणून डोक्यावर टोपी आणि तोंडावर मास्क सक्तीचा, त्यामुळे डोळ्यांपलीकडे कोणाचं काही दिसायचंच नाही.

थोरली आणि धाकटी, सख्ख्या जावा, यांनी ही रीत पार टोकाला नेली होती. एक्केचाळीस नंबर थोरलीचा. पण गेली अकरा वर्षं त्या नंबरावर सोमवार ते बुधवार थोरली यायची आणि गुरुवार ते शनिवार धाकटी. घरी धाकटीची मुलगी होती, ठकी. तेरा वर्षांची, बोलण्यात तुमच्याआमच्यापेक्षा हुशार, पण दोन वर्षांची असल्यापासून तिला फिट यायची, ती कधी येईल त्याचा नेम नव्हता. तिला एकटीला सोडायचं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून एकजण कामावर आणि एकजण ठकीपाशी. धाकटीचा नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. थोरलीचा नवरा ठकीच्या जन्माआधीच वारला होता, आणि तिला मूलबाळ नव्हतं.

नोकरी वाटून घ्यायची कल्पना धाकटीची. त्याआधी थोरली सहाच्या सहा दिवस जायची. धाकटीने एके दिवशी सांगितलं, जाऊबाई, तीन दिवस मी जाते. थोरलीने हो म्हटलं, कारण नाही म्हणायला कारण सापडेना. पण मनात एक नोंद करून ठेवली. ही माझ्या नोकरीत पाय घालते आहे.

कारण घर दिराचं. भांडीकुंडी दिराची. पोर दिराची. थोरलीचं म्हणावं असं त्या दोन खोल्यांत काय होतं, तर एक्केचाळीस नंबर. तो आहे तोवर ती घरातली कमावती थोरली जाऊ. तो गेला की ती कोण? दुसऱ्याच्या घरात फुकट राहणारी, पोर सांभाळणारी बाई. हे ती कोणापाशी बोलली नव्हती, पण रोज भांडी घासताना हाच विचार घासत असायची.

तर मशीन आलं, आणि थोरलीने कंबर कसली. आपण एकट्याच मागे राहिलो तर डोळ्यांवर येऊ, तेव्हा सगळ्यांनीच मागे राहिलं पाहिजे, एवढं तिला कळत होतं. पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिने फक्त एवढंच विचारलं की बोट घेतल्यावर ते ठेवतात कुठे? कोणालाच माहीत नव्हतं. झालं. बायका विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक पुडी सोडली की माणूस मेला तरी बोट मशीनमध्ये जिवंत राहतं, आणि मग त्या बोटाने कोण कुठल्या कागदावर काय उठवील त्याचा भरवसा नाही. यातलं तिला स्वतःला अक्षर माहीत नव्हतं. पण असं काही बोलायला माहिती लागत नाही, आवाज खाली आणला की पुरतं.

मग प्रत्येकाला आपापलं कारण सापडलं. रोलरवरच्या उंच माणसाच्या मामाचा अंगठा म्हणे कोणीतरी कोऱ्या कागदावर घेतला होता आणि मामा घराबाहेर झाला होता. ड्रायरवाला म्हणाला, आम्ही काय चोर आहोत का बोटांचे ठसे द्यायला? हा रोज पंधरा मिनिटं उशिरा येणारा, त्याचं दुखणं वेगळंच होतं. घडीच्या टेबलावर थोरलीच्या समोर उभी राहणारी बाई, जिला सगळे टपालबाई म्हणायचे, कारण तिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत साठ घरी पोचायची, ती म्हणाली की रोग्यांच्या अंगावरचे घाण कपडे हाताळून सगळे त्याच काचेवर बोट ठेवणार, शी! आणि हे एक कारण मात्र खरोखरच शहाणपणाचं होतं, म्हणूनच बहुधा त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मॅनेजरबाईंनी बारा कलमांची नवी नोटीस लावली. माहिती सुरक्षित आहे, गुप्त आहे, वगैरे. ती वाचून माणसं जास्तच बिचकली. इतकं सांगावं लागतंय म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, असं थोरली म्हणाली आणि साठ माना हलल्या.

पंधरा दिवस कोणी हात लावला नाही. थोरली अशी चालायला लागली की जणू लॉन्ड्री तिच्या सासऱ्यांची.

आणि मग एका सकाळी साबणकाकांनी बोट ठेवलं. साबणकाका म्हणजे साबण-सोड्याच्या खोलीचे राखणदार, तीस वर्षांचे जुने, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. लोकांनी विचारलं, काका, हे काय? ते म्हणाले, नात रोज माझा फोन माझ्याच बोटाने उघडून गेम खेळते, तिथे काही झालं नाही, इथे काय होणार? बस, एवढंच. बारा कलमांनी जे झालं नाही ते नातीने केलं. त्यातच असं दिसलं की संध्याकाळी बोटवाल्यांना घड्याळासमोर रांग लावावी लागत नाही, आणि काकांना पाच वाजून पाचची बस मिळते. तीन दिवसांत चाळीस माणसं बोट देऊन मोकळी. मामाचं घर गेलं ते गेलंच, पण बस चुकवायची कोणाची तयारी नव्हती. टपालबाईने रुमालाने काच पुसली आणि बोट ठेवलं. ड्रायरवालाही गेला, तोंड पाडून.

थोरली एकटी उरली तेव्हा मुकादमाने तिला बाजूला घेतलं. त्याला सगळं ठाऊक होतं, अकरा वर्षं होतं. तो म्हणाला, बाई, आता माझ्या हातात काही नाही, कार्डाचं घड्याळ महिनाअखेर काढणार आहेत. तुमच्या दोघींपैकी कोण ते ठरवा.

थोरली घरी आली. धाकटीला सांगितलं. मार्ग सुचला तो थोरलीला, कारण संशयी माणसाचं डोकं अशा वेळी भलतंच चालतं. मशीन बसवणारा माणूस प्रत्येकाची दोन बोटं घेत होता. एक कापलं, भाजलं तर दुसरं असावं म्हणून. मग काय! बुधवारी थोरलीने उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट दिलं. डाव्या हाताला चिंधी गुंडाळली होती, म्हणाली रोलरवर चटका बसलाय, उद्या देते. गुरुवारी टोपी-मास्क घालून धाकटी आली, एक्केचाळीस नंबर म्हणाली, आणि डाव्या हाताचं बोट देऊन मोकळी झाली. मशीनवाल्याने मान वरदेखील केली नाही. त्याला बोटांशी मतलब.

त्या दिवशी दोघी खूप हसल्या. ठकीला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तुम्ही दोघी मिळून एक बाई झालात. थोरलीने तिची पापी घेतली. तसे चांगले दिवस होते ते.

महिना दीड महिना सुरळीत गेला. मग थोरलीचं बोट मशीन घेईना. सोडा आणि ब्लीचच्या पाण्यात चौदा वर्षं गेलेला हात, आणि त्यात दिवसाला शेकडो चादरींची टोकं चिमटीत धरायची. बोटावरच्या रेघा कधीच्या पुसट झालेल्या, आता पार गेल्या. मशीन म्हणायचं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा. पाठीमागे रांग. मुकादम वहीत हाताने हजेरी मांडायचा. धाकटीचे हात मात्र कसे कोण जाणे शाबूत होते, गुरुवार ते शनिवार मशीन पहिल्या खेपेला लाडाने हो म्हणायचं.

आणि मग वरून निरोप आला. हॉस्पिटलांशी नवा करार होतोय, त्यात मशीनवर हजेरी असणाऱ्यांनाच कायम करणार. वहीतली हजेरी धरणार नाहीत. मशीनवाला येत्या बुधवारी दुपारी चारपर्यंत येऊन-जाऊन असेल, ज्यांच्या बोटाची अडचण आहे त्यांनी तोवर ती निस्तरावी. त्यानंतर यादी बंद. पुढे बोट बदलायचं तर फोटोसकट अर्ज, आणि मोठ्या ऑफिसात समोरासमोर तपासणी.

कायम! चौदा वर्षं हा शब्द ऐकायला कान आसुसले होते, आणि आला तर असा. अर्धा आठवडा गैरहजर दिसणारा नंबर कायम कोण करणार?

त्या रात्रीच्या जेवणात धाकटी सहज म्हणाली, जाऊबाई, काही दिवस सहाही दिवस मीच जाऊ का? माझं बोट लागतंय.

बस. थोरलीच्या हातातला घास हातात राहिला. सहज! अकरा वर्षं वाट बघून शेवटी तोंडातून निघालंच. ती नुसतं "बघू" म्हणाली आणि ताट उचललं. पण त्या दिवसापासून घरात तिचं बोलणं हो-नाहीवर आलं. धाकटीने चहा पुढे केला तरी ती आधी कपाकडे बघायची आणि मग धाकटीकडे. धाकटीने विचारलं, माझं काही चुकलं का? त्यावर, तुझं कसं चुकेल, असं उत्तर. बायकांच्या भांडणात याहून धारदार उत्तर नाही.

सोमवारी टपालबाईने चादरीचं टोक हातात देता देता बातमी दिली. शुक्रवारी सुट्टीनंतर तुझी धाकटी टोपी-मास्कसकट त्या मशीनवाल्यापाशी चांगली अर्धा तास थांबली होती. खोलीचं दार लोटलेलं. हात पुढे करकरून काय काय सांगत होती. मी आपलं जाता जाता बघितलं.

थोरलीच्या हातून चादर सुटली.

आता सगळं कसं लख्ख दिसत होतं. आपलं बोट तर चालतच नाही. ते काढून तिथे धाकटीचं दुसरं बोट बसवलं की एक्केचाळीस नंबर पुरा तिचा. दोन्ही बोटं तिची, नाव तेवढं आपलं, आणि नाव बदलायला कितीसा वेळ लागतो? आणि वर तोंड करून आदल्याच दिवशी, रविवारी, धाकटी तिला म्हणाली होती, "जाऊबाई, सोमवारी त्या मशीनवाल्याला नक्की भेटा. मी बोललेय त्याच्याशी. तुमची..."

"मला शिकवू नकोस," थोरलीने तिथेच तोडलं होतं. "चौदा वर्षं झाली मला तिथे."

धाकटीचा चेहरा उतरला होता. तिने पुन्हा विषय काढला नाही. आणि थोरलीने तो उतरलेला चेहराही पुरावा म्हणून जमा केला. भेटा म्हणे! म्हणजे आपण जायचं आणि आपल्या हाताने आपलंच बोट काढून द्यायचं. एवढी का खुळी आहे थोरली?

सोमवारी ती मशीनवाल्याच्या आसपासही फिरकली नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी दुपारी तो स्वतःच तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला की बाई, एक्केचाळीस ना तुम्ही, येऊन जा. तिने मान डोलावली आणि गेली नाही. त्या संध्याकाळी घरी ठकीचे केस विंचरताना तिचा बेत पक्का झाला. धाकटी तिला काढायच्या आत तिने धाकटीला काढायचं. दुष्टपणा म्हणून नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आपलं राखायला. नोकरी आपली राहिली की मग धाकटीला काय द्यायचं ते आपण देऊ, मोठ्या मनाने.

बुधवारी साडेतीनला ती टोपी-मास्कसकट मशीनवाल्याच्या खोलीत शिरली. तो आवराआवर करत होता. टेबलावर एक लहान मशीन, एक संगणक. त्याने संगणकात एक्केचाळीस नंबर काढला आणि हसला.

"बाई, एक विचारू? सोमवार-मंगळवार-बुधवार तुम्ही न चालणारं बोट लावता, आणि गुरुवार-शुक्रवार-शनिवार चालणारं. एकही आठवडा चुकलेला नाही. ही काय भानगड आहे?"

थोरलीने पटकन डावा हात चोळला. ती म्हणाली की आठवड्याच्या सुरुवातीला डावा हात दुखतो. तो म्हणाला, असेल बुवा, मी काय डॉक्टर नाही. आणि तिथेच तो विषय त्याने सोडून दिला. तिला उलट त्याचाच संशय आला, इतक्या सहज कसा सोडला म्हणून.

मग तिने आपलं काम सांगितलं. माझं ते दुसरं बोट काढून टाका. त्याचं कातडं गेलंय. त्याच्या जागी उजव्या हाताचं दुसरं एखादं घ्या.

"दुसरं? डाव्या हाताचं? चांगलं चालतंय की ते."

"मी सांगते ना. काढा."

तो खांदे उडवून म्हणाला, तुमची मर्जी. कळ दाबली. पडद्यावर बोटाचं एक लहान चित्र होतं, ते गेलं. इतकं सोपं असेल असं थोरलीला वाटलं नव्हतं. तिला हायसं वाटलं, अगदी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं.

आता नवीन बोट. मधलं ठेवलं. पुन्हा ठेवा. त्याच्या शेजारचं ठेवलं. पुन्हा ठेवा. अंगठा. डाव्या हाताचा अंगठा. ओल्या फडक्याने पुसून, फुंकर घालून, दाबून, हलकं करून. मशीन काही ऐकेना. घडी घालणाऱ्या बाईच्या ज्या ज्या बोटांत चादरीचं टोक धरलं जातं ती सगळी काचेसारखी गुळगुळीत. मशीनवाल्याने घड्याळाकडे बघितलं, कपाळाला हात लावला, आणि मग एकदम त्याची ट्यूब पेटली.

"अहो बाई, तुमचंच चाललंय काय? शुक्रवारी तुम्हीच तर माझं डोकं खाल्लंत अर्धा तास. पहिलं बोट झिजलंय, ते काढा आणि त्याच्या जागी करंगळी घ्या, घडी घालताना करंगळी वर राहते, तिच्यावर रेघा असतात. मी म्हटलं मग ठेवा करंगळी, घेतो. तर म्हणालात आज नको, सोमवारी येईन, सोमवारीच घ्या. आणि आता पहिलं ठेवून दुसरंच काढायला लावलंत!"

थोरलीने आपल्या करंगळीकडे पाहिलं.

"आणा इकडे करंगळी," तो म्हणाला.

तिने उजव्या हाताची करंगळी ठेवली. मशीनने पहिल्या खेपेला घेतली. पडद्यावर हिरवं चित्र उमटलं, रेघ न् रेघ स्पष्ट.

"झालं. सुटलात," मशीनवाला म्हणाला.

"ते काढलेलं परत घाला," थोरली म्हणाली. "माझं ते पहिलं काढा. आणि ते डाव्या हाताचं परत घाला."

"काढलेलं परत येत नाही. पुन्हा घ्यावं लागतं." त्याने मशीन तिच्यापुढे सरकवलं. "ठेवा बोट. अजून दहा मिनिटं आहेत. ठेवा ना, कुठलं होतं ते?"

थोरलीने आपले दोन्ही हात बघितले. दहा बोटं होती. त्यातलं एकही ते नव्हतं. ते बोट त्या वेळी घरी ठकीसाठी काहीतरी निवडत, चिरत असेल. घर बसने पाऊण तासावर, आणि ठकीला सोडून धाकटी निघू शकली नसती. हेही थोरलीला कोणाला विचारावं लागलं नाही, हेच तर अकरा वर्षं चाललं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली.

चार वाजता मशीनवाल्याने यादी बंद केली आणि पेटी उचलून गेला. मुकादम दारात म्हणाला, निस्तरलं ना बाई एकदाचं? ती हो म्हणाली.

बसमध्ये तिने सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. धाकटीचा काहीतरी डाव असेलच. करंगळीत काहीतरी मेख असेल. जन्माच्या सवयीने तिने शोध शोध शोधलं, आणि काही सापडेना. संशय घ्यायला जागाच उरली नव्हती आणि तिला त्याशिवाय कसं बसावं ते कळत नव्हतं.

दार उघडता उघडताच धाकटीने विचारलं, "लागली का करंगळी?"

इतक्या दिवसांचा अबोला विसरून विचारलं. ओल्या हातांनी, डोळे मोठे करून.

"लागली," थोरली म्हणाली.

धाकटीने सुटकेचा श्वास टाकला. म्हणाली की आधी त्या माणसाला पटेचना. ती म्हणे एका रात्री थोरलीचा डोळा लागला असताना तिचे हात उलटे करून एकेक बोट दिव्याच्या उजेडात बघत बसली होती, तेव्हा करंगळीवर रेघा दिसल्या. आता दोघींचं सुरळीत झालं, कायमचं पत्रही येईल, असं बोलत ती चहाचं आधण ठेवायला वळली.

"तुझं बोट मी काढायला लावलं," थोरली तिच्या पाठीकडे बघून म्हणाली. "यादी बंद झाली. आता तुला जाता येणार नाही."

धाकटी वळली. तिला आधी कळलंच नाही. थोरलीने मग सगळं सांगितलं, काही न लपवता, टपालबाईपासून करंगळीपर्यंत. मला वाटलं तू मला काढशील, हेही सांगितलं. खोलीत ठकी होती. तिने हातातलं पुस्तक मिटलं आणि ती दोघींकडे बघत राहिली.

धाकटी रागावेल, ओरडेल, घरातून नीघ म्हणेल, थोरलीची सगळी तयारी होती. धाकटी खाली बसली.

"मला कुठे चादरींची हौस होती, जाऊबाई?" ती म्हणाली. "तुम्ही सहा दिवस जात होतात. संध्याकाळी यायचात तर ठकी तुमच्याकडे यायची नाही, परकी म्हणून रडायची. तुम्ही मोरीत जाऊन तोंड धुवायचात, ते मला दिसायचं. म्हणून म्हटलं, तीन दिवस मी जाते. तीन दिवस ती तुमची राहील."

थोरलीला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गुरुवारी सकाळी साडेसहाला तिने टोपी आणि मास्क पिशवीत घातला. डबा धाकटीने भरून ठेवला होता. थोरली चपला घालायला वाकली तेव्हा ठकी उठून दारात आली, झोपेतच, केस विस्कटलेले.

"मोठी आई, आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "आज तू माझ्याकडे."